फाटकापाशी उभी राहणारी माणसं

पहिले तीन रविवार मी त्या खेळात एकही माणूस टिकवू शकले नाही. संध्याकाळ झाली की मी सगळ्यांना जेवू घालून घरी पाठवून देत होते.

हे ऐकून वर्ग हसला होता, आणि खरं सांगायचं तर आता मलाही थोडं हसू येतं. पण मला ज्या गोष्टीचा राग आहे ती याच्या पुढे घडली, आणि तिच्याबद्दल मला अजून नीट बोलता येत नाही. वर्गात उभी राहिले की माझी वाक्यं अर्धी राहतात. घरी आम्ही पावरी बोलतो, बाजारात अहिराणी, मराठी मी शाळेत शिकले. त्यामुळे मराठी मला बोलण्यापेक्षा लिहायला बरी पडते. लिहिताना मध्येच कोणी "म्हणजे काय?" असं विचारत नाही.

मी नंदुरबारला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं गाव तोरणमाळच्या घाटाखाली. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे कुठे काय विचारायचं असतं हे मला नेहमी उशिरा कळतं. मुलींच्या सरकारी हॉस्टेलवर राहते.

या सत्रात सरांनी जोड्या पाडून प्रोजेक्ट दिलं. ज्या खेळांमध्ये कॉम्प्युटर स्वतः चालवतो अशी माणसं असतात, त्यातला एक खेळ घ्यायचा, त्या माणसांची वस्ती उभी करायची आणि ती कशी वागतात, का वागतात हे समजावून सांगायचं. दिवाळीच्या सुट्टीआधी विभागाचं प्रदर्शन होतं. "किमान वीस माणसांची चालती वस्ती पाहिजे," सर म्हणाले. "रिकामी घरं दाखवू नका."

माझ्या जोडीला जी मुलगी आली तिच्या घरी मिरचीचा व्यापार आहे. घराणं मूळचं राजस्थानचं, पण ती, तिचे वडील, तिचे आजोबा सगळे इथेच वाढलेले. खाली दुकान, वर घर, आणि त्याच्याही वर एका खोलीत तिचा कॉम्प्युटर. हंगाम सुरू झाला की जिना चढतानाच शिंका येतात. ती घरात मारवाडी, दुकानात अहिराणी आणि कॉलेजात मराठी बोलते, तिन्ही सारखीच भरभर. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून दर रविवारी दुपारी मी तिच्याकडे जायचे. तिची आई खाकरा आणि चहा वर पाठवायची आणि खालून विचारायची, "कितने आदमी हुए?"

खेळ साधा होता. सुरुवातीला आपण जंगलात एकटे असतो. लाकूड तोडायचं, चूल पेटवायची, झोपडी बांधायची, रानडुकरांपासून जीव वाचवायचा. मग एक घंटा टांगायची. घंटा वाजवली की रानातून एखादा भटका माणूस चालत येतो आणि आपल्यासमोर उभा राहतो. त्याला खायला द्यायचं. त्याने खाल्लं की पडद्यावर दोन बटणं येतात, एक "राहा" आणि एक "जा". राहा म्हटलं की तो आपला झाला. मग त्याला कायमचं काम नेमून द्यायचं; तोवर खाल्लेला माणूस अंधार पडेपर्यंत आपण करू ते काम करतो. शेत, लाकूड किंवा पहारा. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पट्टी असते. माणूस खूश असेल तर ती हिरवी, कुरकुरत असेल तर पिवळी, आणि फारच वैतागला तर लाल. लाल पट्टीचा माणूस दुसऱ्या दिवशी पहाटे उठून चालू लागतो आणि नकाशाच्या कडेला जाऊन दिसेनासा होतो.

मी घंटा वाजवायचे. माणसं यायची. त्यांना खायला द्यायचे, मग त्यांच्याबरोबर मी स्वतःही शेतात उतरायचे. अंधारायला लागलं की एकेकापाशी जाऊन "जा" दाबायचे. पलंग मी एकच केला होता, माझा.

आमच्याकडे लाह असते. कोणाच्या घराचं छप्पर शाकारायचं असेल किंवा शेत निंदायचं असेल, तर तो घरोघर जाऊन सांगतो, आणि प्रत्येक घरातून एकजण आपापलं हत्यार घेऊन येतो. ज्याचं काम असतं तो सगळ्यांच्या पुढे कामाला लागतो. तो बसून राहिला तर गाव वर्षभर बोलतं. दुपारी त्याच्या घरी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी. उद्या दुसऱ्याचं काम निघालं की हाच माणूस तिथे जातो. घंटा वाजली आणि माणसं आली, तेव्हा मला वाटलं, ही लाहच आहे. आलेल्या माणसाला रात्री ठेवून घ्यायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्यांची घरं असतील, पोरं असतील, बकऱ्या असतील.

तिसऱ्या रविवारी मैत्रिणीने माझ्या हातातून माऊस काढून घेतला.

"काय पाटलीणबाई, आज पण सगळ्यासनी पंगत उठवून घरी लावी दिधी का?"

"मग? उशीर नाही का झाला त्यांना?"

ती इतकी हसली की तिची आई जिन्यात येऊन उभी राहिली. "येडी, यासले घरच नही शे! तू 'जा' म्हणतेस ना, ते झाडामागे जातात आणि संपतात. उद्या घंटेला जो येतो तो दुसराच."

मी विचारलं, "दुसराच म्हणजे?"

"म्हणजे कालचा गेला. कायमचा."

तीन रविवारांत अशी किती माणसं गेली ते मी मोजलं नाही, मोजावंसं वाटलं नाही. त्यातली एक निळ्या ओढणीची बाई मला आठवत होती, तिला मी दोनदा भाकर दिली होती असं मला वाटत होतं. त्या दोन वेगळ्या बाया होत्या.

त्यानंतर मी पलंग बांधायला लागले. माणसागणिक पलंग, प्रत्येक पलंगावर छप्पर. पाणी जवळ हवं, नाहीतर पट्टी पिवळी होते. चूल आणि पलंग यांत फार अंतर चालत नाही. खेळात हे सगळं लिहूनच ठेवलं आहे. पलंग नसला तर "राहा" हे बटण दिसतच नाही, दाबायला जागाच नसते. मी मैत्रिणीला म्हणाले, हे चांगलं आहे. आमच्या बाबांना उसाला नेताना कोणी हे बघितलं नव्हतं.

तिने विचारलं, "काय?"

"तिकडे पलंग आहे का ते."

तिला कळलं नाही असं मला वाटलं, आणि मी पुढच्या पलंगाचं लाकूड तोडायला घेतलं.

आमचे आईबाबा दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गुजरातेत जातात, सुरतेच्या पुढे. गावातल्या बऱ्याच घरांतून जातात. मुकादम गाडी घेऊन येतो आणि टोळी भरून नेतो. आईची कंबर दुखते, सुरुवातीचे दिवस तिला वाकवत नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या जागी उभी राहते. हॉस्टेल सुट्टीत बंद होतं, मेस बंद होते, त्यामुळे दुसरी सोयही नसते. पण या वर्षी एक वाट निघाली होती. प्रदर्शनात जी जोडी पहिली येईल ती विद्यापीठाच्या प्रदर्शनाला जळगावला जाणार, आणि तयारीसाठी सुट्टीभर कॉलेजची लॅब तिला उघडी. सर तसं पत्र देणार होते. गृहपाल मॅडमना मी विचारून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "पत्र आण, खोली देते. आणखी दोन मुली परीक्षेसाठी राहतायत, त्यांच्यात जेव."

सुट्टीभर लॅब. सुट्टीभर माझ्यासमोर एक कॉम्प्युटर, दुसऱ्याच्या घरी न शिंकता. मला ते पत्र किती हवं होतं ते मी कोणाला सांगितलं नाही. फक्त मैत्रिणीला सांगितलं होतं. एकदाच.

माझी वस्ती हळू वाढत होती. चौदा माणसं झाली, जवळजवळ सगळ्यांच्या पट्ट्या हिरव्या, एकदोन पिवळ्या. एक निळ्या ओढणीची बाई यावेळी खरोखर राहिली होती, तिला शेत दिलं होतं. तिच्या शेजारी मीही काम करायचे. मैत्रीण म्हणायची, "अगं, मालकाने काम केलं तर त्यांची गती वाढत नाही, मी वाचलंय. फुकट मरतेस." मी म्हणायचे, असू दे. पण तारीख जवळ येत होती. नवं माणूस घ्यायचं तर आधी पलंग, पलंगाला लाकूड, लाकडाला माणूस. दर रविवारी एक किंवा दोन, त्याहून जास्त जमत नव्हतं.

प्रदर्शनाच्या आधीच्या दुसऱ्या रविवारी मी गेले तर पडद्यावर वीस माणसं होती.

मला आधी आनंदच झाला. मग दिसलं की वस्तीभोवती भिंत आली आहे आणि भिंतीला लोखंडी फाटक. आणि वीसच्या वीस डोक्यांवर लाल पट्टी.

"हे काय?"

"बघ ना," ती खुशीत म्हणाली. "व्हिडिओत सापडलं. लाकडी दार त्यांना उघडता येतं, लोखंडी फाटक नाही. ते कळ दाबून आपणच उघडायचं. मग पलंग दाटीवाटीने टाकले तरी चालतात, एकावर एक. जेवण अर्धं केलं तरी चालतं. लाल होतात, पण जातील कुठे?"

"आणि काम?"

"तेवढंच करतात! तीच तर गंमत आहे. पट्टीचा कामाशी काही संबंधच नाही, फक्त जाण्याशी आहे."

आम्ही बघत बसलो. खेळातली पहाट झाली. वीस माणसं उठली आणि एका रांगेत फाटकापाशी आली. तिथे थोडा वेळ उभी राहिली. कोणी फाटक हलवलं नाही, कोणी ओरडलं नाही, खेळात तसं काही नाहीच. मग कामाची वेळ झाली तसे एकेक वळले आणि आपापल्या कामाला गेले. निळ्या ओढणीची बाई शेवटपर्यंत उभी होती. मग तीही वळली.

मला खूप राग आला. मी दुसऱ्या वर्षाला आहे, मला एवढं कळतं की हे आपोआप होत नाही. कोणीतरी खुर्चीत बसून ते लिहिलं आहे. माणूस नाराज असेल तर निघ. वाट बंद असेल तर थांब. कामाची वेळ झाली तर परत जा. या तीन ओळी कोणीतरी लिहिल्या, चालवून पाहिल्या, आणि बरोबर चालतात म्हणून पुढच्या कामाला लागला. चौथी ओळ लिहायला त्याला काय झालं होतं? फाटक बंद असेल तर काम करू नको. एवढीच.

"उघड ते," मी म्हणाले.

"वेडी आहेस का? सगळे जातील."

"जाऊ दे."

"अगं ते आकडे आहेत! त्यांना काही होत नाही."

"मग लाल पट्टी कशाला ठेवली?"

"आपल्याला कळावं म्हणून."

"मग कळलं ना आपल्याला."

ती चिडली. खुर्ची मागे ढकलून उभी राहिली. "पत्र कोणाला पाहिजे? मला? माझं घर इथे आहे, माझा कॉम्प्युटर इथे आहे. मी चार दिवस बसून हे केलं ते तुन्ह्यासाठी केलं, मन्ह्यासाठी नही."

ती खरं बोलत होती. आणि मी काय केलं ते लिहायला मला लाज वाटते. मी फाटक उघडलं नाही. नऊ दिवस ते बंद राहिलं. कॉलेजात ती सांगायची, आज इतकं धान्य झालं, आज कोठार भरलं, आणि मी मान हलवायचे. मी मनाशी म्हणायचे, आकडे आहेत. रोज सकाळी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभी राहिले की मला ती रांग दिसायची.

इथे मला पिशवीचं सांगायला पाहिजे.

आमच्या मुकादमाच्या गळ्यात एक कापडी पिशवी असते. गाडीत चढताना तो प्रत्येकाचं आधार कार्ड आणि घराचं रेशन कार्ड त्या पिशवीत टाकून घेतो. "हरवाल तुम्ही," म्हणतो. "उसात कुठे सांभाळणार?" हंगाम संपला की परत देतो. मध्ये कोणाला गावी जायचं असेल तर कार्ड मागायला त्याच्याकडे जावं लागतं, आणि तो म्हणतो, "उद्या बघू." एवढंच. कुलूप नाही, मारहाण नाही. लोक त्याच्या झोपडीपाशी थोडा वेळ उभे राहतात आणि परत उसात जातात.

मी बारावीला होते त्या हिवाळ्यात जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता. त्याला बाबांचं आधार आणि रेशन कार्ड लागत होतं. दोन्ही पिशवीत. मी आश्रमशाळेतून बाबांना फोन केला, बाबा मुकादमाकडे गेले, मुकादम म्हणाला उद्या बघू. बाबा असे चारदा गेले. मी त्यांना फोनवर विचारलं होतं, "तुम्ही हिसकावून का नाही घेतलं?" बाबा म्हणाले होते, "हिसकावून कसं घ्यायचं? तो माणूस वाईट बोलत नाही." तारीख गेली. पडताळणी नाही म्हणून त्या वर्षी हॉस्टेल मिळालं नाही, हॉस्टेल नाही म्हणून कॉलेज नाही. ते वर्ष गेलं, अख्खा हंगाम मी आईबरोबर उसात होते. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली माझ्याहून वर्षाने लहान आहेत. त्या कधी विचारतात, तुझं एक वर्ष कुठे गेलं, नापास झालीस का? मी हो म्हणते. ते सांगायला सोपं आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी लॅब भरली होती. आमच्या टेबलाशी सर आले, त्यांच्याबरोबर बाहेरून आलेले एक पाहुणे होते. कुठल्या तरी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर होते, सफारी घातलेले. मैत्रीण छान बोलली. कोठार दाखवलं, शेतं दाखवली. पाहुणे वाकून बघत होते.

"हे सगळे लाल दिसतायत. नाराज आहेत ना?"

"हो सर."

"मग सोडून कसे जात नाहीत?"

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघत होते. "फाटक आहे सर," ती म्हणाली. "ते आतून उघडत नाही."

पाहुणे मोठ्याने हसले. "वा! सर, असं फाटक आम्हालाही पाठवा एखादं. आमच्याकडे पगार झाला की दुसऱ्या दिवशी निम्मे गायब."

सर हसले, बाजूची मुलं हसली. सर म्हणाले, "व्यवस्थापन चांगलं आहे या दोघींचं. बाकीच्यांची वस्ती दोन दिवसांत रिकामी होते." आणि माझ्याकडे वळून, प्रेमानेच, म्हणाले, "हिच्या गावाकडची सगळी टोळ्यांची माणसं, त्यामुळे हिला हे बरोबर कळतं."

मी माऊस घेतला आणि कळ दाबली.

मी काही ठरवलं नव्हतं. खेळात तेव्हा दुपार होती, पण एकदा अडवलेला नाराज माणूस वाट मोकळी दिसली की पहाटेसाठी थांबत नाही. शेतातले थांबले. लाकूडवाल्यांनी कुऱ्हाडी खाली टाकल्या. सगळे फाटकाकडे चालू लागले. निळ्या ओढणीची बाई आधी कोठारात गेली, तिथून एक भाकर उचलली आणि मग बाहेर पडली. भुकेला माणूस जाताना खायला घेतो, तसा खेळात नियम आहे. कोपऱ्यातला माणसांचा आकडा खाली येत होता. सोळा, अकरा, सहा. तिघे आतच राहिले. ते का राहिले ते मला आजही माहीत नाही. त्यांच्याही पट्ट्या लालच होत्या.

"हे काय केलंस?" सर म्हणाले.

मला खूप काही बोलायचं होतं. माझ्या तोंडून एवढंच आलं, "सर, आता चौथी ओळ... म्हणजे ते असं वागतात. उघडल्यावर. हे पण दाखवायला पाहिजे होतं."

पाहुणे घड्याळ बघून पुढच्या टेबलाकडे गेले. पत्र दुसऱ्या जोडीला मिळालं. त्यांच्या खेळात माणसं नव्हती, कोंबड्या होत्या, पण वीस होत्या.

मैत्रीण दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या नळापाशी तिने मला गाठलं. "एकच सांग. का?"

मी तिला पिशवीचं सांगितलं. बारावीचं, बाबांच्या चार खेपांचं, त्या वर्षाचं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. माझी वाक्यं अर्धी राहत होती आणि ती कधी नव्हे ते मध्ये बोलली नाही.

"नापास नव्हती झालीस?" शेवटी तिने विचारलं.

"नाही."

"मग खोटं काय सांगत होतीस, व माय!" ती जवळजवळ ओरडलीच. मग म्हणाली, "कार्डांचे फोटो आहेत तुझ्या फोनमध्ये? सगळ्यांचे?"

होते. अर्ज भरून भरून माझ्या फोनमध्ये घरातल्या सगळ्यांचे कागद जमले आहेत. संध्याकाळी तिने शेजारच्या दुकानातून सगळ्यांच्या रंगीत प्रती काढून, प्लास्टिकमध्ये घट्ट बसवून आणल्या. "ही दे त्याला," म्हणाली. "खरी तुमच्याकडेच ठेवा. पाऊस पडला तरी ही खराब होणार नाही, त्याला तीच काळजी आहे ना?"

गाडी भरायच्या दिवशी सकाळी घाटाखाली आम्ही सगळे उभे होतो. गाठोडी, पातेली, कोंबड्यांची एक टोपली. मुकादम गाडीच्या फळीपाशी पिशवी उघडून उभा होता आणि एकेक जण कार्ड टाकून वर चढत होता. बाबा माझ्या पुढे होते. मी त्यांना घरीच सांगितलं होतं, त्यांनी ऐकून घेतलं होतं. तरी त्यांनी खिशातून खरं कार्ड काढलं आणि टाकलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

आईचा हात पुढे गेला तेव्हा मी तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि तिथे प्रत ठेवली. माझीही प्रत दिली.

मुकादमाने उलटून पाहिलं. "हाई काय शे?"

"प्रत आहे, भाऊ. नंबर तोच आहे."

"ओरिजनल दे."

"ओरिजनल आमच्याकडे राहील. तुम्हाला हरवायचीच काळजी ना? हे हरवलं तरी चालेल."

मागे कोणीतरी हसलं. मुकादम माझ्याकडे बघत राहिला. तो खरंच वाईट बोलत नाही. "कॉलेजमा घातं ना पोरीले," तो बाबांना म्हणाला. "आते ती आपले शिकाडी." मग मला म्हणाला, "नही देनं व्हई त् उतर. गाडीमा जागा दुसऱ्याले दिसू."

द्यायचं नसेल तर उतर, जागा दुसऱ्याला देईन, असं; पण मी अजून चढलेच नव्हते. मी गाठोडं पायाशी धरून ठेवलं होतं. गाडीवाला भोंगा वाजवत होता. आई खाली उभी राहिली, माझ्या शेजारी. तीही चढली नाही. बाबा वर फळीला धरून उभे होते, मग ते खाली उतरले आणि आमच्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांचं कार्ड पिशवीत, आणि ते खाली.

एक अख्खा कोयता, म्हणजे तोडणारी एक जोडी, कमी झाला असता, आणि पुढच्या गावी त्याला तो भरून मिळाला नसता. मुकादमाने दोन्ही प्रती पिशवीत टाकल्या. "बसा," म्हणाला. "तठे दखसू तुमले." तिकडे पोचल्यावर बघून घेईन, असं.

आमच्या मागे एक बाई होती, कडेवर मूल घेतलेली. तिने आपलं कार्ड पदराआड केलं आणि मला हळूच विचारलं, "पोरी, हे असं कुठे करून मिळतं?" मी तिला दुकान सांगितलं. पण त्या दिवशी तिच्याकडे प्रत नव्हती. तिने कार्ड दिलं.

गाडीत आईने मला विचारलं, ते तुझ्या खेळातले लोक, फाटक उघडल्यावर कुठे गेले? मी तिला सगळं सांगितलं होतं, निळ्या ओढणीच्या बाईचंही. झाडामागे जाऊन संपतात, हे मला माहीत होतं. मी सांगितलं, आपापल्या घरी गेले.

"मग बरं," ती म्हणाली.

आता सुट्टी संपून मी हॉस्टेलवर परत आले आहे. आई आणि बाबा अजून तिकडेच आहेत. आईचं कार्ड तिच्या गाठोड्यात आहे. बाबांचं पिशवीत. दर रविवारी मैत्रिणीच्या वरच्या खोलीतून मी मुकादमाला फोन लावते आणि बाबांचं कार्ड मागते. तो म्हणतो, उद्या बघू. मी सोमवारी पुन्हा लावते.